सातवा ठिपका

घरात तिला सगळे मुंगी म्हणत. वय त्रेपन्न, काम चष्म्याच्या कारखान्यात काचा घासायचं, पण थोरल्या भावाने लहानपणी ठेवलेलं नाव काही सुटलं नव्हतं. तिच्या हाताखालून गेलेली काच सहसा परत येत नसे. मध्यबिंदू अर्धा मिलिमीटर सरकला तरी गिऱ्हाइकाचं डोकं दिवसभर ठणकतं, हे तिला पक्कं ठाऊक. म्हणून ती प्रत्येक काच दोनदा मापायची आणि तिसऱ्यांदा मनाच्या समाधानासाठी.

दादा तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. बत्तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला. डाव्या कानाने जवळजवळ बहिरा, तो कान इंजिनाच्या बाजूला असायचा म्हणून. तो निवृत्त झाल्यापासून दोघं भावंडं वर्षातून एकदा आपापल्या मोटरसायकली काढून दूर कुठेतरी जात. पुढे गाडी काढावी दादाने आणि रस्ता आखावा मुंगीने, ही वाटणी न बोलता ठरलेली. घरच्या मोठ्या कॉम्प्युटरवर ती नकाशा उघडून बसायची, जिथून जायचं तिथे एकेक ठिपका ठेवायची, आणि तो सगळा रस्ता हँडलवरच्या जीपीएसमध्ये पाठवून द्यायची. मग जीपीएस एका ठिपक्यापासून पुढच्या ठिपक्यापर्यंत रस्ता शोधत न्यायचा. दादा त्याला डबी म्हणायचा.

ठिपका नीट रस्त्यावर पडला तर काही प्रश्न नाही. शेजारच्या बोळात पडला, तर डबी इमानेइतबारे तुम्हाला त्या बोळात नेऊन आणते. तिला स्वतःचं डोकं नसतं. ही गोष्ट मुंगीला जितकी माहीत होती तितकी कुणालाच नव्हती.

यंदा बारा दिवसांचा दौरा होता. डोंगरात रस्ते बंद होतात, होड्या रद्द होतात, म्हणजे वाटेतच आखणी बदलावी लागणार, आणि घरचा कॉम्प्युटर काही पाठीवर बांधून नेता येत नाही. निघायच्या आठवडाभर आधी तिने जेवणाच्या टेबलावर तीन वस्तू मांडल्या. एक तिचा फोन, एक मध्यम आकाराचा टॅब आणि एक जुना लॅपटॉप. एकच रस्ता तिन्हींवर आखून पाहिला. फोनवर तिच्या अंगठ्याखाली तीन गावं झाकली जात. लॅपटॉपवर माउसच्या टोकाने ठिपका हवा तिथे नेमका बसे. टॅब दोघांच्या मधला.

"अगं, आपण फिरायला चाललोय की ऑफिस थाटायला?" दादा लॅपटॉप आणि त्याचा विटेएवढा चार्जर हातात तोलत म्हणाला.

वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. "दोन शर्ट कमी न्या, पण हे मोठंच न्या," ती म्हणाली. "जे नीट दिसतं ते बरं."

मुंगीलाही मनातून तेच वाटत होतं. पण मग भीतीने डोकं वर काढलं. लॅपटॉप जुना, रस्ते खडबडीत. चौथ्या दिवशी हादऱ्यांनी तो बंद पडला तर? अनोळखी डोंगरात हातात काहीच नसेल तर? आणि समजा गाडीला लावलेल्या सामानाच्या पेटीत पाणी शिरलं तर? दोन रात्री तिला याच विचाराने धड झोप लागली नाही. शेवटी तिने टॅब उचलला. हलका, टाकीवरच्या पिशवीत मावणारा, बोटाने चालणारा.

पाच दिवस सगळं सुरळीत झालं. सहाव्या दिवशी सकाळी लॉजच्या मालकिणीने चहाबरोबर बातमी आणली, की घाटात दरड कोसळली आहे आणि मुख्य रस्ता दोन दिवस तरी उघडत नाही. पलीकडच्या काठाला नेणारी होडी दुपारी तीनला सुटणार होती आणि ती चुकली तर पुढची होडी तीन दिवसांनी.

"घे तुझी पाटी," दादा म्हणाला. "काढ दुसरा रस्ता."

खोलीतल्या खाटेवर बसून मुंगीने टॅब उघडला. इंटरनेट रडतखडत चालत होतं. नकाशा तुकड्या-तुकड्याने उमटत होता. खिडकीतून उजेड थेट पडद्यावर पडत होता, आणि दादा बूट घालून दारात उभा होता, उभा होता म्हणजे काय, पाय आपटत होता. धरणावरून जाणारा एक वळसा तिला सापडला. तिने अकरा ठिपके टाकले, सातवा धरणाच्या पुलावर. अंतर पाहिलं, वेळ पाहिली. बसत होतं. एरवी ती प्रत्येक ठिपका मोठा करून पुन्हा तपासायची. त्या दिवशी चार तपासले आणि नकाशा अडकला. तिने दोन्ही डब्यांना रस्ता पाठवून दिला.

गाव सोडायच्या आधीच तिच्या गाडीची क्लचची तार तुटली. नाक्यावरच्या गॅरेजचा मिस्त्री म्हणाला, तासभर लागेल.

"मी पुढे होतो," दादा म्हणाला. "होडीवर जागा धरून ठेवतो. तू ये मागून. रस्ता डबीत आहेच."

साडेनऊला तो गेला. वळणावर त्याने न बघताच हात वर केला.

मिस्त्री कमी बोलणारा, पण हात सराईत. मुंगी टायरच्या चळतीवर बसली. काही काम नव्हतं म्हणून तिने टॅब काढला. गॅरेजमध्ये सावली होती, इंटरनेटही बरं होतं. सकाळी राहिलेले ठिपके तपासावेत म्हणून तिने पाचवा मोठा केला. ठीक. सहावा ठीक. सातवा मोठा केला आणि तिचं बोट जागच्या जागी थांबलं.

ठिपका पुलावर नव्हता. पुलाच्या जाड पिवळ्या रेषेखालून एक बारीक करडी रेषा जात होती, आणि ठिपका त्या रेषेवर होता. केसभर खाली. खाटेवर बसून उजेडात बघताना तो तिच्या बोटाखाली झाकला गेला असणार. करडी रेषा डोंगर उतरत निळ्या रंगात शिरत होती आणि निळ्या रंगातून सरळ पलीकडे निघत होती.

"मिस्त्री," ती म्हणाली. "हा खालचा रस्ता कुठला?"

मिस्त्रीने हात पुसत टॅबकडे पाहिलं. "तो जुना रस्ता. धरण बांधलं तेव्हा पाण्याखाली गेला. तिथे आता कुणी जात नाही."

"पण नकाशात तर आहे."

"नकाशातून काढायचं राहिलं असेल. रस्ता उतरतो आणि सरळ पाण्यात जातो. तोंडाशी पिंपं लावलेली असायची, पण मासे धरणारे ती बाजूला सारतात." तो बोलता बोलता थांबला. तिच्या तोंडाकडे पाहून त्याला काय ते कळलं. "तुमचे भाऊ?"

तिने फोन लावला. संपर्कक्षेत्राबाहेर. पुन्हा लावला. तेच. बाहेर पाहिलं तर डोंगराच्या बाजूला पांढरं धुकं खालपर्यंत उतरलं होतं. दादा डबीच्या शब्दाबाहेर जात नाही. डाव्या कानाने ऐकू येत नाही, म्हणून उजव्या कानात डबीचा आवाज घेऊन चालतो. ती सरळ म्हणाली की सरळ.

"किती वाजले?"

"पावणेअकरा." मिस्त्री आता भराभर हात चालवत होता. "आणखी एक सांगतो, घाबरू नका. वरच्या वीजघरातून अकरानंतर पाणी सोडतात. दुपारपर्यंत कडेचं पाणी हातभर चढतं. ही घ्या, तार बसवली, पण नीट ताणलेली नाही, गिअर अडेल. माझ्या व्हॅनपुढे दोन गाड्या उभ्या आहेत, त्या हलवतो आणि मागोमाग येतो. पोलिसांनाही फोन करतो. जपून जा."

जपून कसली जाते! गिअर टाकताना दर वेळी गाडी कण्हायची. मुंगीचे हात हँडलला असे चिकटले होते की बोटं बधिर झाली. डोक्यात एकच हिशोब फिरत होता, साडेनऊला निघाला, पाऊण तास फाट्यापर्यंत, म्हणजे सव्वादहा. सव्वादहापासून आत्तापर्यंत. त्याच्या पुढे विचार जायला लागला की ती तो मागे ओढून आणायची. मग वहिनीचा चेहरा समोर यायचा, कपड्यांच्या घड्या घालणारा. जे नीट दिसतं ते बरं.

फाटा धुक्यात बुडाला होता. तिच्या हँडलवरची डबी शांतपणे म्हणाली, उजवीकडे वळा. उजवीकडे दोन रस्ते होते. एक चढणारा रुंद, एक उतरणारा अरुंद. उतरणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी दोन पिंपं गवतात लोळत होती आणि एक पाटी तिरकी झाली होती. ओल्या चिखलात एकाच मोटरसायकलच्या चाकाचा ठसा होता. आत जाणारा. बाहेर येणारा नव्हता.

तिने खाली उतरून तो ठसा हाताने चाचपला. कशासाठी, तिचं तिलाही सांगता आलं नसतं. मग गाडी पहिल्या गिअरमध्ये घालून ती उतरायला लागली.

डांबर जागोजागी फुटलेलं, मध्ये गवत. पंधरा पावलांपलीकडे काही दिसत नव्हतं. दर वळणाला तिला वाटायचं, आता पाणी. आणि दर वळणाला पुन्हा नुसता रस्ता. "दादा!" ती ओरडायची, मग इंजिन बंद करून ऐकायची. उत्तर नाही. त्याला ऐकू येत नसेल, असं ती स्वतःला बजावायची, आणि पुढच्याच क्षणी मनात यायचं, की ऐकू न येण्याची कारणं बरीच असतात. मागे फिरावं, व्हॅनची वाट बघावी, असंही एकदा वाटून गेलं. ती लाज तिने पुढे कुणाला सांगितली नाही.

रस्त्याच्या कडेचे मैलाचे दगड हिरवे होत गेले. हवेला शेवाळाचा वास आला. तिने गाडी तिथेच लावली आणि पायी निघाली. चाळीस पावलांवर रस्ता पाण्यात गेला. काही कठडा नाही, काही काठ नाही. डांबर होतं आणि मग त्याच उतारावर पाणी होतं, धुक्याच्याच रंगाचं. पाण्यातून लाल दिव्याचा ठिपका दिसत होता.

दादाची गाडी डाव्या कुशीवर पडली होती, पुढचं चाक पूर्ण बुडालेलं. गाडीखाली दादा होता. एका कोपरावर रेलून त्याने मान वर धरली होती. पाणी त्याच्या छातीशी होतं.

"आलीस," तो म्हणाला. दात इतके वाजत होते की शब्द तुटून येत होता. "मला वाटलं, होडीवर गेलीस की काय."

"दादा, हे माझ्यामुळे. मी ठिपका..."

"आधी पाय काढ. मग रड."

ती पाण्यात उतरली आणि पहिल्याच पावलाला घसरून आपटली. सगळा रस्ता शेवाळाने साबणासारखा झाला होता. दादाही तसाच घसरला होता. पाणी दिसल्याबरोबर त्याने ब्रेक दाबला आणि गाडी त्याला घेऊन खाली सरकत आली. डावा पाय इंजिन आणि रस्त्याच्या मध्ये अडकला होता. गाडीची डावी पेटी खाली आली होती म्हणून पाय चेंगरला नव्हता. पण निघतही नव्हता.

"मघाशी इथवर होतं," दादाने छातीच्या खालच्या बटणावर बोट ठेवलं. आता ते बटण दिसत नव्हतं.

सव्वादोनशे किलोची गाडी. मुंगी पंचावन्न किलोची. तिला आधी वाटलं, पेट्या काढाव्यात, वजन कमी होईल. हात खालच्या पेटीच्या खिट्टीवर गेला आणि तिथेच थबकला. ही पेटी निघाली तर गाडी आणखी खाली बसेल, पायावर. हात मागे घेऊन तिने क्षणभर डोळे मिटले आणि कारखान्यात काच मापताना घेते तसा एक लांब श्वास घेतला. मग वरची पेटी काढली. मागची काढली. टाकीवरची पिशवी, टॅबसकट, काठावर भिरकावली. तिन्हींचं मिळून तीसेक किलो गेलं.

मग ती गाडीला पाठ लावून बसकण घालून बसली. एक हात हँडलला, एक मागच्या दांड्याला. बूट रस्त्यावर ठरेनात. तिने बूट काढले आणि अनवाणी पायांनी शेवाळ खरवडून दोन खाचा पाडल्या. जोर लावला. गाडी दोन बोटं उचलली गेली आणि पुन्हा बसली. दादाच्या तोंडातून जो आवाज आला, तो तिने त्याच्याकडून कधी ऐकला नव्हता.

"पुन्हा," तो म्हणाला.

"दगड हवा. उचलली की खाली सारायला."

"आण की मग. मी कुठे पळून जातोय?"

काठावरून तिने मैलाच्या दगडाचे फुटके तुकडे आणले. पाणी आता त्याच्या काखेत पोचलं होतं आणि त्याची मान थरथरत होती. दुसऱ्यांदा उचलली तेव्हा दादाने मोकळ्या हाताने एक तुकडा आत ढकलला. तिसऱ्यांदा दुसरा. चौथ्यांदा तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, पाठीत काहीतरी लचकलं, आणि मागून दादाचा आवाज आला, "निघाला! सोड! सोड!"

तिने सोडलं. दगड घरंगळले आणि गाडी धाडकन पूर्वीच्या जागी बसली. दादा कोपरांवर रांगत वर सरकत होता. त्याचा डावा पाय भलत्याच दिशेला वळला होता. तिने त्याच्या काखेत हात घालून त्याला कोरड्या डांबरापर्यंत ओढलं, स्वतःचं जॅकेट त्याच्यावर टाकलं आणि त्याला घट्ट मिठी मारून बसली, लहान मुलाला धरावं तसं. खाली पाण्यात अर्धी बुडालेली डबी दादाच्या कानात अजून बोलत होती. आठशे मीटर सरळ जा. काही वेळाने तीही गप्प झाली.

मिस्त्रीची व्हॅन दिसली तेव्हा बारा वाजून गेले होते.

घोट्याची दोन हाडं मोडली होती. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात प्लास्टर घातलं. वहिनीला फोन मुंगीनेच केला आणि काही लपवलं नाही. वहिनीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू जेवलीस का?" त्या प्रश्नाने मुंगीला जेवढं रडू आलं तेवढं पाण्यातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दादाच्या खाटेशी बसली होती. तो छताकडे बघत म्हणाला, "पाटी दिसली होती मला."

"कुठली?"

"फाट्यावरची. रस्ता बंद. बत्तीस वर्षं बस चालवली, पाटीचा शब्द कधी मोडला नाही. हा मोडला."

"का पण?"

"डबी तिकडेच वळ म्हणाली." तो तिच्याकडे वळला. "आणि डबीत तू होतीस. तू टाकलेल्या ठिपक्यावर मी कशाला शंका घेऊ?"

तो तिला धीर द्यायला बोलत होता, चूक वाटून घेत होता, हे तिला समजत होतं. पण ते शब्द तिच्या काळजात जाऊन बसले. कुणीतरी डोळे मिटून आपल्या मागे चालतं, याची इतकी भीती वाटेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

घरी परतल्यावर चार महिने तिने नकाशा उघडला नाही. कारखान्यात काचा तीनदा मापायची ती पाचदा मापायला लागली, इतकी की मुकादमाने हटकलं. मग एके दिवशी दादा काठी टेकत आला. डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली होती.

"चल दुकानात," तो म्हणाला. "यंदा वस्तू मी निवडणार."

दुकानदाराने नवे टॅब दाखवले, पेनासकट, चकचकीत. दादाने एकाकडेही पाहिलं नाही. एका छोट्या, जाडजूड लॅपटॉपवर हात ठेवून त्याने विचारलं, "हा पडला तर?" दुकानदार म्हणाला, हा पाडूनच तपासलेला असतो. "माउस लागतो?" लागतो. "नकाशा इंटरनेटशिवाय उघडतो?" उघडतो. वजन दीड किलो. दादाने तो घेतला आणि म्हणाला, शर्ट कमी नेऊ.

रस्ता आखायला त्या वर्षी चार संध्याकाळी लागल्या. एकेक ठिपका ती मोठा करायची, दादा शेजारी बसून बघायचा, वहिनी पाठीमागून बघायची. सगळं बरोबर होतं. तरी "पाठवा" या बटणावर आणलेला बाण ती तीनदा मागे घेऊन गेली. शेवटी दाबलं.

निघाले त्या सकाळी दादाने सवयीने गाडी पुढे काढली. तिने आपली गाडी आडवी घातली.

"आता मी पुढे," ती म्हणाली.

"का गं?"

"असू दे."

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि गाडी मागे घेतली. दर फाट्यावर ती पाय टेकून थांबायची, पाटी वाचायची, मग डबीकडे बघायची, मग पुन्हा पाटीकडे. मागचे लोक हॉर्न वाजवायचे. पुढे काही असलंच, तर ते आधी तिला दिसायला हवं होतं. आणि वळणं घेताना आरशात दादाचा दिवा दिसेनासा झाला, की तिचा हात आपोआप ब्रेककडे जायचा, दिवा पुन्हा दिसेपर्यंत.